सोडण्याचं कारण

हेमांगी पोतनीस जुन्या कंपनीच्या एचआर काउंटरसमोर बसली आणि पडद्यावरची हेमांगी पोतनीस तिच्याकडे बघून हसली. राजीनामा दिला त्याच दिवशी कंपनीने करारानुसार तिच्या मनाची प्रत काढून ठेवली आणि नोटीस पिरियड संपल्यावर तिच्या जागी बसवली होती. माणूस गेला तरी काम अडू नये, एवढाच हेतू.

"रिलीव्हिंग लेटरमध्ये चूक आहे," हेमांगी म्हणाली. "सोडण्याचं कारण, 'आई आजारी, शुश्रूषा चालू' असं आलंय. हे वाचून नवीन कंपनी मला घेत नाही. 'शुश्रूषा संपली' असं करून दे."

"म्हणजे आई बरी झाली?" प्रतीचा आवाज आनंदाने चढला. "अगं, मग आल्या आल्या सांगायचं नाही का!"

प्रत राजीनाम्याच्या दिवशीची होती. आई गेली ती त्यानंतर, नोटीस पिरियडमध्ये. मृत्यूचा दाखला हेमांगीने सोबत आणला होता आणि तिचा हात पर्समध्येच होता. ही बातमी कळली तरी प्रतीला रजा नव्हती, घर नव्हतं आणि करार अजून दोन वर्षं चालणार होता.

"हो," हेमांगी म्हणाली. "बरी आहे."

"लगेच बदलते. फक्त पुरावा लागेल. नियम आपणच केलाय, आठवतंय ना?"

हेमांगीने रिकामा हात बाहेर काढला. "आणला नाही. राहू दे तसंच."

"राहू दे काय? नोकरी जाईल हातची!" प्रत पुढे झुकली. "आईलाच घेऊन ये ना. मलाही बघायला मिळेल. सोमवारी आण, सोमवारी इथे गर्दी नसते."