दहावी खूण

धाकट्या इसाबेलच्या लग्नात सहा डुकरं कापली, त्याच वर्षी डोंगरातल्या कॉलेजातून खाण इंजिनिअरांची पहिली तुकडी बाहेर पडायची होती. शेवटची परीक्षा कॉलेजमागच्या बोगद्यात होती. छतावर खडूच्या दहा खुणा. पहारीनं प्रत्येक खुणेवर ठोकायचं आणि सांगायचं, दगड धरून आहे की सुटलाय. धरलेला दगड खणखणतो. सुटलेला बद्द वाजतो.

पुस्तकातलं सगळं वाकात नावाचे इंजिनिअर शिकवत. छत मात्र इसाबेलचे वडील सागायो शिकवत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण चाळीस वर्षं त्यांनी खाणीत छतं ठोकली होती.

परीक्षेला शेवटी आला तो त्यांचाच मुलगा, देल्फिन. लहानपणी तापात त्याचा कान बिघडला होता. बोलणं ऐकू यायचं, पण बद्द आणि खणखणीत यातला फरक कळायचा नाही. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"लाकाय, घरचा म्हणून सोडू नका हं," वाकात हसत म्हणाले. त्या डोंगरात म्हाताऱ्या माणसाला लाकाय म्हणतात.

"लाड त्याची आई करते. मी नाही."

देल्फिननं ठोकलं. "धरलाय." पुढच्या खुणेवर, "सुटलाय." नऊ उत्तरं बरोबर आली. दर ठोक्यानंतर तो जरासा थांबायचा. नवव्या वेळी सागायोंच्या लक्षात आलं, पोरगं छताकडे बघतच नाही. दिव्याच्या उजेडात ते बापाचा चेहरा बघतंय.

सागायोंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दहावा ठोका बसला. बद्द.

"बाबा?"

"मला काय विचारतोस? छताला विचार."

देल्फिननं वर छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "धरलाय."

वाकातांनी पेन्सिल उचलली. "बोला लाकाय. मला तर मेले दहाही सारखेच वाजतात."

बोगद्याच्या तोंडाशी देल्फिनची आई सकाळपासून उभी होती. पदवीच्या दिवसासाठी शिवलेला पांढरा सदरा तिनं सगळ्यांना दाखवायला आणला होता.

"बरोबर आहे," सागायो भिंतीलाच म्हणाले.

"दहापैकी दहा! बाप शोभतो." वाकातांनी कागद पुढे केला. सागायोंनी त्यावर अंगठा उठवला.

सगळे बाहेर गेले. बाहेर हसणं ऐकू येत होतं. सागायोंनी पहार उचलली आणि दहाव्या खुणेवर टोक लावून दाबली. जोर लावावाच लागला नाही. दगड पायाशी येऊन पडला.

देल्फिन सागायो १९७२ च्या चौदा सप्टेंबरला, गुरुवारी, खाणीत छत कोसळून गेला. त्यानं छत ठोकून "धरलाय" म्हटल्यावर त्याच्यामागून आत शिरलेले दोन कामगारही मेले.