बेपत्ता : एक

"बाई, माह्या रिताले मेलेल्याईत नोका टाकू," टेकचंद हात जोडून म्हणाला. "जित्ती हाये ते. माहं मन सांगते."

साधनानं मान वर केली नाही. तहसील कचेरीतल्या संगणकावर एक्सेलचं पान उघडं होतं. वैनगंगेत उलटलेल्या नावेतली एकतीस माणसं. नावेत बसतानाच सप्ताहाच्या मंडळानं सगळ्यांची नावं काठावर लिहून घेतलेली. शेवटच्या रकान्यात ज्याचा त्याचा प्रकार, खाली बेरीज. वाचलेले बावीस. मृत आठ. बेपत्ता एक.

पैलतीरी सप्ताहाचं कीर्तन ऐकून परतत होती सारी. साधनाही होती कीर्तनाला. पुलावरून एसटीनं आली. दारी आलेल्याला आधी घास द्यावा, नाव मग विचारावं, असं बुवांनी आळवून आळवून सांगितलं होतं. बायकांच्या डोळ्यांना धार लागली होती.

अकरा दिवस झाले. टेकचंद रोज यायचा. पाय चिखलानं भरलेले, डोळे तांबारलेले. पोलिसांना घेऊन दोन्ही काठांची गावं घरोघर पालथी घालत होता.

"खूण सांगा पुन्हा," नायब तहसीलदार साहेब म्हणाले.

"डावा हात पलस्तरात, साहेब. पायरीवरून पडली. पाठीवर भाजल्याचा डाग. चुलीजवळ पडली होती."

"लय पडे गा तुही बायको," शिपाई सुखराम दारातून पुटपुटला.

टेकचंदनं नुसतं वळून पाहिलं. सुखराम दारातून मागे सरला.

साहेबांनी उसासा टाकला. "साधनाताई, आज यादी बंद करायची आहे. 'बेपत्ता' ठेवलं तर शोध चालू ठेवावा लागेल. तुम्हाला काय वाटते?"

"नदीनंच नेलं, साहेब. तिची चप्पल काठावरून मीच आणून दिली ना."

"चारच दिवस द्या!" टेकचंद ओक्साबोक्शी रडू लागला. "बाई, दगड हाये काय तुमच्या छातीत?"

साधनानं रिताची ओळ शोधली. तिनं 'बेपत्ता' खोडलं, 'मृत' लिहिलं. बेरीज आपोआप बदलली. मृत नऊ. बेपत्ता शून्य. एकूण एकतीस.

"देवाची मर्जी," साहेब म्हणाले आणि सही केली.

दिवेलागणीला साधना घरी पोचली. एकटीचंच घर. मागेपुढे पाहून तिनं दाराचं कुलूप काढलं.

आत भात रटरटत होता. पलस्तरातला हात सावरत चुलीपुढची बाई हळूच वळली.

"ताई," तिनं विचारलं, "मेली काय मी?"