लल्ला रुकय्याचं हाड

ताटाभोवती यामनाची जागा भरलेली होती.

ती कँटीनच्या दारातच थबकली. हातावर नवाकोरा पांढरा कोट. आज शुक्रवार, म्हणजे कुसकुस. कारखान्यातल्या प्रत्येक लाइनला परातीएवढं एक मातीचं ताट, त्यात वाफाळत्या रव्याचा ढीग, वर भोपळा, गाजरं, चणे आणि मधोमध मांस. भोवती आठ जणींचं कोंडाळं. प्रत्येकीनं आपल्या पुढ्यातलंच खायचं. खांबाच्या अलीकडची जागा यामनाची. कामाला लागल्या दिवसापासून तिचीच. आज तिथं कुणीतरी पाठ करून बसली होती. निळे कोट, निळ्या टोप्या; मागून सगळ्या सारख्याच दिसतात.

‘झालं. काढलं मला यांनी,’ यामनाच्या मनात आलं.

तिला रडू फुटायच्या बेतात होतं आणि स्वतःचाच राग येत होता. कारण वर गेलेल्याला वाळीत टाकायची ही रीत तिनंच तर पाडली होती.

मोरोक्कोतल्या तांजेरच्या त्या कारखान्यात मोटारींच्या तारा गुंफायच्या. मजुरी तासावर. काम कमी आलं की इन्चार्ज यायचा आणि बोट दाखवायचा : तू, तू आणि तू, घरी जा. गेलेल्या तासांचा पैसा नाही. आधीचा इन्चार्ज अब्दलिलाह याच लाइनवरून वर गेलेला, यांच्याच शेजारी बसून जेवलेला. वर गेला आणि पहिल्याच शुक्रवारी काचेपलीकडे साहेबांच्या टेबलावर जाऊन बसला. वेगळी बशी घेऊन काट्यानं खाऊ लागला. कुसकुस, आणि काट्यानं! यामनानं त्याचं नाव ‘काटेवाला’ पाडलं. मग तो लाइनवर आला की सगळ्या मुक्या व्हायच्या. त्यानंही उट्टं काढलं. काम कमी पडलं की तोंडाळ बायका आधी घरी. यामनाचा नंबर तर ठरलेला.

आता त्याची बदली झाली होती. सकाळीच हिशाम साहेबांनी यामनाला बोलावून त्याची खुर्ची देऊ केली, इन्चार्जचा पांढरा कोटही हातावर ठेवला. महिन्याचा पगार, तासांची कटकट नाही.

“जेवण झालं की उत्तर दे,” साहेब म्हणाले. “आणि आजपासून आमच्यात जेव. त्यांच्यात बसलीस तर उद्या कुणाला घरी पाठवायला तुझी जीभ रेटणार नाही.”

तिला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. कुणाच्या घरी काय अडलंय, कुणाचा तास कापला तर चूल पेटत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण या सात जणींना गमावून ती नको होती. लाइनवरची सगळ्यात थोरली रुकय्या; सगळ्या तिला मानानं ‘लल्ला’ म्हणायच्या. तिला यामनानं हळूच विचारलंही होतं, “लल्ला, काय करू ग?” लल्लानं तारांवरची नजरसुद्धा उचलली नाही. “आधी जेवू,” एवढंच म्हणाली.

आणि आता जेवायलाच जागा नव्हती. यामना वळली. काचेपलीकडून हिशाम साहेब हात करत होते. समोर रिकामी बशी, शेजारी काटा.

“ओ मॅडम!” मागून लाइनवरच्या तामूचा चिरका आवाज आला. “तिकडं कुठं? आम्ही काय संध्याकाळपर्यंत त्या मांसाकडं बघत बसायचं?”

यामनानं वळून पाहिलं. मांसाला कुणी हात लावलेला नव्हता. तिच्या जागेवर बसलेल्या बाईनंही मान वळवली. ती लल्ला रुकय्या होती. आणि खांबाआड, पलीकडच्या बाजूला, लल्लाची स्वतःची जागा रिकामी होती.

मांस वाटायची ती जागा. लाइन सुरू झाल्यापासून तिथं लल्लाच बसायची. तिनं बोटांनी तुकडे करून एकेकीच्या पुढ्यात सरकवल्याशिवाय कुणी मांसाला शिवत नसे. शेवटी उरेल ते तिचं, आणि उरायचं नेहमी हाडच. लल्लाला हाड चघळायला आवडतं हे अख्ख्या लाइनला माहीत होतं. ‘लल्ला, तुझ्या घरच्या मांजरानं जगायचं कशावर?’ हा यामनाचा दर शुक्रवारचा विनोद.

“लल्ला, ती जागा तुझी आहे.”

“होती. बस तिथं आणि वाट.”

तामूनं तिच्या हातातला कोट ओढून घेतला. “दे इकडं. रस्सा सांडशील, आणि धुवायला आम्हाला लावशील.” सगळ्या खो खो हसल्या.

यामना बसली. मांस गरम होतं, बोटं पोळत होती. नजहा पोटुशी होती, तिला मऊसा तुकडा गेला. तामूची पाळी आली तेव्हा सकाळचा टोमणा आठवला, ‘साहेबीणबाई, उद्या ओळख द्याल ना?’ बोटं एका लहान तुकड्यावर जरा रेंगाळली. मग तिनं तो सोडला आणि इतरांइतकाच मोठा तुकडा तामूच्या पुढ्यात ठेवला. सगळ्यात शेवटी लल्लाला दिला. लल्लाला इतका मोठा तुकडा मिळालेला यामनानं कधी पाहिला नव्हता.

मग तिनं स्वतःसाठी ताटाच्या मध्यभागी हात नेला. तिथं हाड उरलं होतं.

यामना बराच वेळ त्या हाडाकडे बघत राहिली. आजूबाजूला चमचे वाजत होते, ताकाचा तांब्या फिरत होता. तिचे डोळे भरून आले.

“लल्ला,” तिनं हलकेच विचारलं, “तुला हाड आवडतं ना ग?”

“मला?” लल्ला रुकय्या तोंडातला घास घोळवत हसली. “कधीच नाही आवडलं. जा, साहेबांना हो म्हणून सांगून ये.”