केलं माफ

ठमी आणि चिमी पहिलीपासून एकाच बाकावर बसणाऱ्या जिवलग मैत्रिणी. आज आठवीतल्या या दोघी शाळेच्या समुपदेशक बाईंपुढे तोंडं फिरवून बसल्या होत्या. आई वारल्यापासून चिमीचं अंथरूण कधीकधी ओलं व्हायचं. हे तिने फक्त ठमीला सांगितलं होतं. नाटकातल्या भूमिकेवरून दोघींचं वाजलं आणि रागाच्या भरात ठमीने ते सगळ्या वर्गासमोर बोलून टाकलं. “माझी जीभ का नाही झडली तेव्हा!” ठमी हुंदके देत म्हणाली, “चुकले गं मी, माफ कर ना.” टेबलाकडे बघत चिमी म्हणाली, “केलं माफ.” बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ठमीने पाण्याची बाटली उघडून नेहमीसारखी तिच्यापुढे धरली. “तहान नाहीये,” म्हणत चिमी बाईंकडे वळली. “बाई, भांडण मिटलं ना आता? मग माझी बसायची जागा बदलून द्याल?” ठमीने बाटलीचं झाकण लावलं.