घोटभर चा

"सकाळपासून बिचारा चेअर मागतोय," नर्स डोरिस कुरकुरली. "चेअरमध्येच बसवलंय त्याला. तरी मागतोच आहे. आता आणखी किती आणू?"

डॉक्टर सुनेत्रा खोलीत शिरली. खिडकीपाशी मोठ्या खुर्चीत, चारी बाजूंनी उशांचा टेकू देऊन, म्हाताऱ्या शेनला बसवलं होतं. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेलेली, वाचा जवळजवळ गेलेली, नाकात नळी. एकोणीसशे पंच्याऐंशी साली शिकागोबाहेरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात चिनी समजणारं कुणी नव्हतं, आणि मराठी बोलणारी ही एकटीच. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि वाकड्या तोंडाने म्हणाला, "चा."

सुनेत्रा थबकली. डोरिसला ऐकू येणारी 'चेअर' ती हीच. तिच्या माहेरी कोल्हापुरात चहाला 'चहा' म्हणणारा माणूस पुण्याचा समजत. बाकी सगळ्यांचा आपला 'चा'.

"चा?" तिने विचारलं, आणि कप तोंडाला लावल्याची खूण केली.

म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा फुलला. दुसऱ्या अर्ध्याला ते जमणारं नव्हतं. डाव्या हाताने त्याने तिचं मनगट असं पकडलं की सोडेचना.

तिलाही इतका आनंद झाला की पलंगावरची पाटी ती क्षणभर विसरली. 'तोंडाने काहीही देऊ नये.' पाटी तिनेच लावली होती. म्हाताऱ्याला गिळता येत नव्हतं. आदल्या दिवशी चमचाभर पाणी दिलं, ते भलतीकडे उतरलं, आणि तो काळानिळा पडला होता.

दुपारी मुलगा आला. जवळच्याच शॉमबर्ग गावातल्या एका रेस्टॉरंटात तो स्वयंपाकी होता. सुनेत्राने उत्साहाच्या भरात सांगितलं, "तुझे वडील चहा मागतायत." पुढचं वाक्य 'पण देता येणार नाही' असं होतं. ते तिच्या तोंडातून निघेपर्यंत गडी जिन्यापाशी पोचला होता. परतला तो पत्र्याचा डबा, थर्मास आणि काचेचा पेला घेऊन.

"लोंगजिंग," त्याने डबा उघडून दाखवला. आत चपटी, पिवळसर हिरवी पानं. "म्हणजे ड्रॅगनची विहीर. आमच्या गावचा चहा. पूर्वी बादशहाकडे जायचा. वसंतातली पहिली पानं. बाबा तापलेल्या कढईत उघड्या तळव्याने दाबून दाबून भाजायचे. जन्मभर तेच काम."

थर्मासचं झाकण काढून तो नुसता बसून राहिला. कशासाठी थांबलायस, असं तिने विचारलं.

"पाणी उकळतं नको. पान करपतं."

आलं, दूध, साखर घालून खळखळ उकळला नाही तर त्याला चहा न म्हणणाऱ्या घरातली ती. तिला गंमत वाटली. पण म्हाताऱ्याकडे बघितलं आणि हसू जिरलं. त्याचं डावं बोट वर उभं होतं. अजून थांब. मग बोट खाली आलं. मुलाने पानं बुडतील इतकंच पाणी ओतलं. बोट पुन्हा वर. पानं भिजली, मऊ झाली. बोट खाली. मुलाने पेला भरला. पानं पाण्यात उभी राहिली आणि एकेक करून तळाशी जाऊ लागली. खोलीत भाजलेल्या फुटाण्यांसारखा वास सुटला. झटका आल्यापासून म्हाताऱ्याने एवढं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मुलाने पेला वडिलांच्या ओठांकडे नेला. सुनेत्राने त्याचा हात धरला.

"नाही देता येणार. मी मघाशी तेच सांगत होते."

"एकच घोट."

"एकही नाही. छातीत गेला तर जीव जाईल."

"नाहीतर जगतील?"

डॉक्टरने याला काहीतरी उत्तर द्यायचं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

मुलगा पेला धरून उभा राहिला. कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना. शेवटी त्याने तो तिच्यापुढे केला. "तुम्ही घ्या, डॉक्टर. त्यांच्यासमोर बेसिनमध्ये कसा ओतू?"

कुणी पुढे केलेला चहा परत करू नये, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने घेतला. पहिल्यांदा काही चवच लागली नाही, मग घोट उतरल्यावर मागून गोडी आली. म्हातारा पेल्याकडे बघत नव्हता. तो तिच्या गळ्याकडे बघत होता. लवकर संपावा म्हणून तिने भराभर घोट घेतले. तिला स्वतःची शिसारी आली.

"चा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही, आजोबा," ती मराठीतच म्हणाली आणि मान हलवली. "चा नाही."

म्हाताऱ्याच्या लेखी, आतापर्यंत या लोकांना कळत नव्हतं म्हणून देत नव्हते. आता कळत होतं, आणि तरी देत नव्हते. म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग डावा हात पांघरुणात ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी राउंडला डोरिस दारातच भेटली, हसऱ्या चेहऱ्याने.

"कालपासून एक शब्द नाही. अगदी शांत आहे. बरं झालं बाई, त्याची भाषा येणारं कुणीतरी मिळालं."