पाहुण्याची नोंद

व्हँकुव्हरहून आलेला वेइमिन आजारी आईला सावरत चीनमधल्या आपल्या गावच्या पोलीसचौकीत आला, कारण परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला की यजमानाने त्याची नोंद करावी असा नियमच होता. टेबलावर त्याचा कॅनडाचा निळा पासपोर्ट होता. चीनचा लाल त्याने केव्हाच परत केला होता. “पाहुण्याशी नातं काय, आजी?” शेजारणीचा, आता हवालदार झालेला नातू हसू दाबत म्हणाला. “याच्याच खांद्यावर चढून माझ्या लिच्या चोरल्यास ना मेल्या? मुलगा लिही.” “मुक्काम किती दिवस?” वेइमिनने ओठ उघडण्याआधीच ती उत्तरली, “माझे डोळे मिटेपर्यंत.” हवालदाराने व्हिसाचे पान पुन्हा निरखले. “याला महिनाभरच राहता येईल, आजी.” वेइमिनची मान खाली गेली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याचीच समजूत घालावी तशी, ती म्हणाली, “होईल रे तेवढ्यात.”