मशीनसमोरचे चित्र

कांद्याच्या टरफलांचा, झेंडूच्या शिळ्या फुलांचा रंग काढून आणि वडिलांच्या शिलाईच्या दुकानातल्या चिंध्या चिकटवून त्याने पहिले चित्र केले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "उकिरडाच उचलून आणलास की रे!" चित्र त्यांनी मशीनसमोर टांगले खरे, पण आठवड्याभरातच दुकानाच्या एकुलत्या खिडकीवर जाड कापड ठोकले. त्याने काहीच विचारले नाही. मनातल्या मनात दुखावला आणि परगावी निघून गेला.

कित्येक वर्षांनी तो दुकानात आला, तेव्हाही खिडकी झाकलेलीच होती. भरदुपारी दिवा लावून वडील सुईचे नेढे चाचपडत होते.

"आलास? एवढा दोरा ओवून दे. या दिव्यापायी डोळ्यांची पार वाट लागली."

"माझं चित्र डोळ्यांसमोर नको, म्हणून एवढा अंधार केलात, बाबा?"

वडिलांनी सुई खाली ठेवली.

"अरे, पानाफुलांचे रंग उन्हाने उडतात, असं तूच म्हणाला होतास ना?"

त्याने वर पाहिले. झेंडूचा पिवळा तसाच ताजा होता.

"मग आतल्या खोलीत लावायचं होतं," तो कसाबसा म्हणाला.

"वेडाच आहेस," वडील हसले. "शिवताना मला दिसलं कसं असतं?"